समोरची बाजू आधी शिकव

बाळा,

नव्या मास्तराच्या गळ्यात शाळा तीन गोष्टी हमखास घालते: स्नेहसंमेलनाचा पडदा, सहलीचा हिशेब आणि वादविवादाची पोरं. तुझ्या वाट्याला पोरं आली, म्हणजे त्यातल्या त्यात तू सुटलास. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं पोरगं बोलायला कमी पडत नाही. मिरजकर तिकटीला संध्याकाळी पाच मिनिटं उभा राहा. आदल्या दिवशीच्या फुटबॉल सामन्यातल्या एका पेनल्टीवर असा वाद ऐकायला मिळेल, की शाहू स्टेडियमवरच्या पंचानेही शिट्टी खिशात घालावी. अडचण एवढीच, की त्या वादात दोघंही एकाच वेळी बोलत असतात. तुझं काम तिथून सुरू होतं.

उभं कसं राहायचं, माइक किती लांब धरायचा, 'सन्माननीय व्यासपीठ' कुठल्या सुरात म्हणायचं, हे ती खालच्या वर्गांतच शिकून आलीत. त्याच्या पुढचं, युक्तिवादाचं, तेवढं मी सांगते. वहीत उतरवून घे. व्हॉट्सअॅपवर नुसता अंगठा पाठवून मोकळा होऊ नकोस.

विषय हातात आला की

१. पहिल्या दिवशी वही उघडू देऊ नकोस, नुसतं बोलू दे — कागदावर उतरलेलं वाक्य पोराला स्वतःचं वाटायला लागतं, आणि मग चूक कळली तरी ते खोडवत नाही.

२. विषयातल्या एकेका शब्दावर बोट ठेवून विचार: 'च' कुठे आहे, 'फक्त' कुठे आहे, 'आजच्या काळात' कशाला घातलंय? — कितीतरी विषय त्या एका अक्षरावर जिंकता येतात, आणि ते अक्षर कुणी वाचतच नाही.

३. बाजू कुठली येणार हे कळायच्या आत दोन्हीकडचे पाच-पाच मुद्दे काढून घे; बाजू कळली की विरुद्ध बाजूचे आणखी दोन काढ — आपले मुद्दे अंघोळ करतानाही सुचतात, समोरच्याचे बसून शोधावे लागतात.

४. सरावात पोराला त्याच्या मनाविरुद्धची बाजू दे, आणि ती मनापासून मांडेपर्यंत सोडू नकोस — जे आपल्याला पटत नाही, ते आपण नीट ऐकलेलंच नसतं.

ह्या चौथ्यासाठी कोल्हापुरात हद्दवाढीसारखा विषय दुसरा नाही. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, आणि पुढे पन्नास वर्षं उलटली तरी हद्द होती तिथंच. २०१७ साली मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण काढलं, पण वाद काही मिटला नाही. पेठेतल्या पोराला विचार, ते म्हणेल: आजूबाजूची गावं शहराचे रस्ते वापरतात, केएमटीने फिरतात, दवाखान्यात इथंच येतात, आणि महापालिकेच्या तिजोरीत त्यांचा छदामही येत नाही. उचगाव-पाचगावकडून येणारं पोरगं म्हणेल: ह्यांना आहे त्या पेठांचा कचरा उचलता येईना, आमचा घरफाळा वाढवणार, शेतावर आरक्षण टाकणार, आणि सरपंचाच्या दारात जाऊन भांडता येतं तेवढीही सोय काढून घेणार. आता दोघांना बाजू बदलून बोलायला लाव. पहिल्यांदा दोघंही नक्कल केल्यासारखं बोलतील, वर्ग हसेल, हसू दे. पुन्हा बोलायला लाव, पुन्हा. एक दिवस असा येतो, की पाचगावचं पोरगं शहराची बाजू शहरातल्यापेक्षा नेटकी मांडतं, कारण घरी ती बाजू खोडताना त्याने तिची हाडं न् हाडं मोजलेली असतात. तेवढं झालं, की तुझा संघ तयार झाला समज.

५. व्याख्या पहिल्या वक्त्याने पहिल्या मिनिटातच करायची. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. 'ते होतं तसंच उभारावं' असा विषय ठेव आणि विचार, 'तसंच' म्हणजे १९१५ सालच्या पॅलेस थिएटरसारखं, की आगीच्या आदल्या दिवशी होतं तसं? — हे ठरलं नाही तर दोन संघ दोन वेगळ्या नाट्यगृहांवर भांडत बसतील आणि परीक्षक घड्याळ बघत बसेल.

६. पण व्याख्या इतकी आवळू नको, की समोरच्याला बोलायला जागाच उरू नये — परीक्षकाला तो डाव लगेच दिसतो, आणि तसा आणलेला करंडक कपाटात ठेवतानाही मान वर होत नाही.

७. सिद्ध कुणी करायचं ते आधी ठरव. जो बदल मागतो त्याच्यावर पहिला भार — नाहीतर प्रतिकूल बाजूची पोरं सगळ्या जगाचं ओझं उगीच आपल्या डोक्यावर घेतात.

८. तिन्ही वक्त्यांना तीन बाकांवर बसव आणि 'आपण काय म्हणतोय' हे एका वाक्यात लिहायला सांग — तीन वेगळी वाक्यं आली, तर तुझ्याकडे तीन भाषणं आहेत, बाजू एकही नाही.

मुद्दा बांधताना

९. प्रत्येक मुद्द्याला दोनदा 'का' आणि एकदा 'मग काय झालं' विचारायची सवय लाव — पहिल्या 'का'ला पाठांतर उत्तर देतं, दुसऱ्याला डोकं द्यावं लागतं.

१०. न्यायशास्त्रातल्या पाच पायऱ्या पाठ करून घे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन — आराखडा शेकडो वर्षांचा जुना आहे, पण नववीतल्या पोराच्या भाषणातलं भोक आजही चौथ्या पायरीवरच सापडतं. उदाहरण दिलेलं असतं, ते आपल्या विषयाला कसं लागू पडतं हे सांगायचं राहून गेलेलं असतं.

त्या शास्त्राचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण तुला ठाऊक असेल: डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथं आग आहे. आपल्या पोरांना ते चटकन कळतं, कारण 'जाळ आणि धूर संगटच' हे ती ऊठसूट म्हणत असतात. तिथंच त्यांना पकड. धूर आहे तिथं आग असते, मान्य. पण आग आहे तिथं धूर असतोच का? जुन्या पंडितांनी त्यावर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे केलाय: आग आहे, धूर नाही. शिरोलीच्या फौंड्रीत ज्याचा बाप कामाला आहे, त्या पोराला हे समजावून सांगायलाच लागत नाही. मग हळूच विचार: 'हुशार मुलं खूप वाचतात' हे खरं धरलं, तर 'खूप वाचणारी मुलं हुशार असतात' हे आपोआप खरं होतं का? एक अख्खा तास ह्यावर गेला तरी जाऊ दे. ह्याच उलट्या उडीवर पोरं पुन्हापुन्हा आपटतात, आणि समोरचा संघ जागा असला तर तिथंच धरतो.

११. सरावात 'त्यामुळे' हा शब्द आला की बाकीच्यांनी हात वर करायचा, असा खेळ लाव — दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही, आणि ही चोरी नेहमी 'त्यामुळे'च्या पदराआड लपते.

१२. कारणांची साखळी कडीकडीने बोलून दाखवायला लाव. २०१९ आणि २०२१ च्या पुरावर बोलताना पोरं 'अलमट्टी धरणामुळे पूर आला' म्हणतात आणि टाळी घेतात. पाऊस किती पडला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडले, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधी ओलांडली, पुढे पाणी का तुंबलं, पूररेषेच्या आत बांधकामं कुणी केली, हे कोण सांगणार? — टाळी पाहुणी, मुद्दा घरचा.

१३. आपल्याविरुद्ध जाणारा अहवाल आपणच आधी काढायचा. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने २०२० साली सांगितलं, की ह्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही. हे आपल्या पोराने स्वतः सांगून मग त्यातल्या गृहीतकांना प्रश्न विचारले, तर तो अभ्यास — तेच समोरच्याने काढलं, तर आपली लपवाछपवी.

१४. अभिमानाच्या विषयाला दुप्पट तपासायचं. 'कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापूरची' असं छाती काढून म्हणणाऱ्या पोराला आधी सांग, की २०१९ साली तिला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे — छाती काढली की पाठ उघडी पडते.

१५. दृष्टान्त द्यावा, पण त्यावर थांबू नये. शाहू महाराजांनी सांगलीच्या गणपतराव अभ्यंकरांना पागेत नेऊन एकत्र टाकलेला चंदी-हरभरा धट्टीकट्टी घोडी कशी फस्त करतात आणि अशक्त कशी मागे राहतात हे दाखवलं, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण महाराज गोष्ट सांगून बसले नाहीत, २६ जुलै १९०२ च्या आदेशाने मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून दिल्या — दृष्टान्ताने दार उघडतं, आत जायला पुरावा लागतो.

१६. समोरच्याने दृष्टान्त दिला, तर तो कुठल्या बाबतीत जुळतो आणि कुठल्या बाबतीत तुटतो एवढंच पाहायचं, त्याची टिंगल करायची नाही — टिंगलीने दृष्टान्त जास्त लक्षात राहतो, आणि तो त्यांचा असतो.

१७. 'सगळे', 'नेहमी', 'कधीच' ह्या शब्दांना दंड ठेव, 'बहुतेक'ला बक्षीस दे — 'सगळे' म्हणणाऱ्याला हरवायला एक अपवाद पुरतो. स्टीफन टूल्मिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाचा जो आराखडा मांडला, त्यात ह्या 'बहुतेक'ला स्वतंत्र खोली दिलेली आहे. आपण त्याला निदान ओसरीवर तरी बसवावं.

पुरावा

१८. जे डोळ्यांनी वाचलं नाही ते तोंडाने सांगायचं नाही — उसन्या आकड्याला परीक्षक व्याज लावतो.

ह्याला कोल्हापूरचाच दाखला आहे, आणि तो प्रत्येक नव्या संघाला मी सांगत आले. 'केसरी' आणि 'मराठा' नुकते निघाले होते. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे शाहूंच्या आधीच्या महाराजांचा छळ करतात, अशा अर्थाचा मजकूर दोन्ही वृत्तपत्रांत आला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या जोरावर सगळं लिहिलं होतं ती बनावट निघाली, आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. दोघंही सव्विशीतले, एकापेक्षा एक हुशार, हेतूबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. तरी कागद खोटा तो खोटाच. पोरांना ही गोष्ट सांगून विचार: ती पत्रं हातात आली असती, तर तुम्ही कुणाला काय काय विचारलं असतं? कुणाच्या हातचं, कुणामार्फत आलं, दुसरीकडून दुजोरा कुठला, आणि हे खरं ठरावं अशी कुणाची सोय आहे? चार प्रश्न फळ्यावर लिहून ठेव, पुसू नकोस.

१९. आकडा आला की तीन गोष्टी त्याच्यासोबत याव्यात: कुणी मोजला, कधी मोजला, कशात मोजला — 'दुप्पट झाले' ऐकायला मोठं वाटतं, एकाचे दोन झाले तरी दुप्पटच.

२०. मोबाइलने किंवा एआयने दिलेलं उत्तर ही सुरुवात धरायची. मूळ बातमी, अहवाल किंवा पुस्तक सापडलं तरच ते वहीत जाईल — यंत्र अडखळत नाही, त्यामुळे ते चुकलंय हे आवाजावरून कळत नाही.

२१. शाळेच्या कपाटातली जुनी भाषणं वाचायला दे, बोलायला देऊ नकोस. 'कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं' ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या तीच भाषणं फिरली. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं सहा जिल्ह्यांसाठी सर्किट बेंच सुरू झालं — आता प्रश्न 'हवं का' हा राहिला नाही, सर्किट बेंच आणि कायमचं खंडपीठ ह्यांत फरक काय, तो कुणाला पडतो, असा झाला.

२२. थोरांचं वचन म्हणजे पुरावा नव्हे, आणि ते त्यांनी म्हटलंच होतं ह्याची खात्री त्याहून नसते — एका वचनाऐवजी त्यांनी केलेलं एक काम सांगितलं, की ते खोडायला अवघड जातं.

२३. एकाच जातीची तीन उदाहरणं म्हणजे एकच उदाहरण — तीन क्रिकेटपटूंची नावं घेऊन 'शिक्षण नसलं तरी चालतं' म्हणणाऱ्याला चौथ्याचं नाव विचार, जो क्रिकेटपटू होऊ शकला नाही.

समोरच्याला उत्तर देताना

इथं जरा थांबून वाच. स्पर्धा इथंच होते. आधीचं सगळं घरकाम.

२४. कागदाला उभी घडी घाल: डावीकडे ते काय म्हणाले, उजवीकडे आपलं उत्तर, रिकामा राहिलेला उजवा चौकोन पुढच्या वक्त्याचा — बोलणारा सोडून दोघं नुसती बसलेली असतात, त्यांना लिहितं ठेव.

२५. उत्तर द्यायच्या आधी त्यांचा मुद्दा असा सांगायचा, की समोरच्याने मान डोलवावी. जुने लोक पूर्वपक्ष मांडत तो असाच — आपणच दुबळा करून सांगितलेला मुद्दा आपणच पाडला, तर पडलं कोण?

२६. सगळ्यात जड मुद्दा आधी उचल — हलक्यावर दोन मिनिटं घालवून जडाला 'वेळेअभावी' म्हणणारा पकडला जातो, परीक्षकाने आयुष्यभर तेच ऐकलेलं असतं.

२७. 'समजा, तुमचं खरं धरलं, तरीसुद्धा…' ही वाट प्रत्येकाला पाठ असू दे. न्यायशास्त्रात ह्याला अभ्युपगम म्हणतात — पहिला बांध फुटला तरी दुसरा उभा राहतो, आणि पोराचा आवाज घाबरून चढत नाही.

२८. खरं असेल ते मान्य करून टाक, पण मान्य केल्यावर त्याच श्वासात सांग, की त्याने निकाल का बदलत नाही — आधी मान डोलाव, मग पाय रोव.

२९. मुद्दे मोजू नको, तोल: किती जणांना लागतं, किती खोल लागतं, होण्याची शक्यता किती, आणि झालेलं परत फिरवता येतं का — 'आमचे पाच, त्यांचे तीन' असं म्हणणाऱ्या पोराला खासबागेत नेऊन बसव, तिथं लोक निकाली कुस्ती बघायला येतात, किती डाव टाकले ते मोजायला नाही.

३०. दोन संघ एकाच प्रश्नाला उत्तर देतायत का, हे दर दोन भाषणांनी तपास. टिळक-आगरकरांचा संमतिवयाचा वाद पोरांना वाचायला दे, दोघांचेही लेख. १८९१ च्या कायद्याने वय दहाचं बारा केलं. पण मुलींना इतक्या लहान वयात संसाराला जुंपावं का हा एक प्रश्न होता, आणि परक्या सरकारने कायदा करून ते थांबवावं का हा दुसरा — वादाचा बराचसा धुरळा हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्याने उडाला, असं माझं मत. तुझ्या पोरांना दुसरं काही वाटलं, तर त्यांना ते माझ्यासमोर मांडू दे.

३१. शब्द मुद्दाम वेगळ्या अर्थाने घेऊन समोरच्याला अडकवायचं नाही. न्यायग्रंथांत 'नवकंबल'वाला आहे: माणूस नवी घोंगडी पांघरून आलाय, आणि वाद घालणारा विचारतो, नऊ कुठायत? — ह्याला छल म्हणतात. सभा हसते, आणि गुणपत्रिकेवर पेन्सिल खाली सरकते.

३२. समोरच्याला दोन्हीकडून कोंडणारा उभयतोपाश टाकायचा, तर तिसरी वाट आपण आधी बंद केलीय का ते बघ — नाट्यगृह 'जुनं तरी नाहीतर आधुनिक तरी' असं कोंडायला गेलेल्या पोराला समोरची पोरगी म्हणाली, 'बाहेरून जुनं, आत ध्वनियंत्रणा आणि अग्निशमन नवं,' की खेळ आटोपला.

३३. नुसतं पाडत सुटायचं नाही, स्वतःचं काहीतरी उभं करायचं — स्वतःची बाजू न मांडता फक्त खोडत राहणं म्हणजे वितंडा. प्रतिकूल बाजूच्या पोरांना ही सवय फार लवकर लागते, कारण तिच्यात कष्ट कमी.

३४. प्रश्न विचारायची फेरी असेल, तर प्रश्न एका श्वासात मावेल एवढा असावा, आणि त्याचं कुठलंही उत्तर आलं तरी आपल्याला पुढे काय म्हणायचंय ते ठरलेलं असावं — लांब प्रश्न म्हणजे समोरच्याला विचार करायला दिलेला वेळ.

३५. शेवटचं भाषण नवीन मुद्द्यांचं नसतं. जागतिक शालेय स्पर्धेत, जी १९८८ पासून चालते, आठ-आठ मिनिटांची भाषणं झाल्यावर चार मिनिटांचं समारोपाचं भाषण असतं आणि त्यात नवा मुद्दा काढता येत नाही; आपल्या आंतरशालेय स्पर्धेत तसा नियम असो वा नसो, तू तो पाळ — शेवटी नवीन काढलं, की आधीचं पुरलं नाही अशी आपणच कबुली दिली.

पोरं आणि तू

३६. भाषण लिहून देऊ नकोस. हात कितीही शिवशिवले तरी नको — तुझी वाक्यं त्यांच्या तोंडात बसतील, पण खंडनाच्या वेळी तू खाली तिसऱ्या रांगेत असशील.

३७. सगळ्यात चांगलं बोलणारं पोरगं पहिलं उभं करायची घाई नको — पहिल्याला घरून तयार करून येता येतं, दुसऱ्या-तिसऱ्याला जागेवर डोकं चालवावं लागतं.

३८. मागच्या बाकावर बसून काहीच न बोलणारी एक पोरगी असते. तिला महिनाभर फक्त नोंदी करायला बसव, मग उभी कर — तिने सगळ्यांचं ऐकलेलं असतं, आणि तुझ्या संघात तेवढं कुणीच केलेलं नसतं.

३९. आवाज चढला की मुद्दा विचार. आपल्याकडे प्रेमाने हाक मारली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते, हे बाहेरच्या परीक्षकाला ठाऊक नसतं — घसा बसतो, मुद्दा मात्र उभा राहत नाही.

४०. सुरुवातीची शेरोशायरी बंद — तेवढ्या वेळात व्याख्या होते.

४१. सराव घड्याळ लावून घे, आणि इशाऱ्याची घंटा प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी वाजव — नाहीतर पोरं घंटा ऐकून शेवट गाठतात, मुद्दा संपवून नाही.

४२. समोरचा संघ बोलताना आपल्या पोरांनी हसायचं नाही, डोळे फिरवायचे नाहीत, कानगोष्टी करायच्या नाहीत. बोलायचं असेल ते चिठ्ठीवर लिहायचं — परीक्षकाचं एक डोकं समोर असलं, तरी डोळे दोन असतात.

४३. हरल्यावर परीक्षकाशी वाद घालायचा नाही, 'आमचा कुठला मुद्दा तुमच्यापर्यंत पोचला नाही?' एवढं विचारायचं — पहिल्याने फक्त तुझं तोंड दुखेल, दुसऱ्याने पुढच्या वर्षीची वही सुरू होईल.

४४. जिंकल्यावर त्याच विषयावर दुसऱ्या दिवशी उलट बाजूने बोलायला लाव. पोरं कुरकुरतील, आई-बापही विचारतील — सांग, की हा विजयाचा भाग आहे. विजयी बाजू खरी वाटायला लागली की पोराचं शिकणं थांबतं.

४५. स्पर्धेच्या सकाळी कट मारून मिसळ नको, आइस्क्रीम त्याहून नको. पोहे, कोमट पाणी आणि खिशात खडीसाखर — मिसळ स्पर्धेनंतर, तुझ्या पैशाने.

४६. शाळेचं पत्र, ओळखपत्रं आणि पालकांच्या संमतीचे कागद आठवडाभर आधी एका फाइलीत घाल; मुख्याध्यापिकाबाईंच्या सहीला शनिवारी जाऊ नकोस — शनिवारी शाळा सकाळची असते, आणि तू उठेपर्यंत त्या घरी जाऊन भाजी चिरत असतील.